तारमास्तरांनी अर्थिंग सर केले त्याची हकीकत

श्रोत्यांनी चित्त ठिकाणी ठेवावे. थोरांच्या मोहिमा सर्वांस विदित आहेत, परंतु तळमजल्यावरील मागल्या खोलीत, शिवणयंत्र आणि इस्त्रीचे टेबल यांच्या दरम्यान जे रण माजले, त्याचा मजकूर कोणी लिहिला नाही. सबब जैसे घडले तैसे येथे लिहिले असे. पदरचे घातले नाही, आणि वीज खात्यास भिऊन काही गाळले नाही.

राजमान्य राजेश्री तारमास्तर हे बँकेच्या चाकरीतून मोकळे होऊन हौशी रेडिओचे सुभेदार जाहले होते. घराच्या छपरापासून न्हाणीघरापर्यंत त्यांच्या तारा फिरल्या होत्या, म्हणोन हा किताब त्यांस इमारतीने बहाल केला. ज्या गुरुजींनी त्यांस मोर्स, म्हणजे आखूड-लांब टिकटिकीतून बोलण्याची विद्या दिधली, ते वृद्धापकाळी लेकीकडे समुद्रापार गेले. तरी दर रविवारी सकाळी गुरुजी टिकटिकीतून एकच सवाल करीत, ‘आहेस का’, आणि तो मास्तरांस अंधुक का होईना, ऐकू येई. मास्तर ‘आहे, आहे’ ऐसा जबाब पाठवीत, आणि मग तो जबाब तिकडील शहराच्या विजेच्या गोंगाटात बुडोन जाई, आणि गुरुजी पुनः विचारीत, आणि शेवटी गप्प होत. हे शल्य मास्तरांस जेवताना देखील टोचत असे.

सबब मसलत करोन मास्तरांनी अ‍ॅम्प्लिफायर नामे हत्ती फौजेत दाखल केला. हत्ती ऐसा की, चित्कार करिताच घरातील दिवे मान खाली घालीत. पहिल्याच रविवारी मास्तरांनी जबाबाची कळ दाबली, आणि दिवे मंद जाहले, आणि टिकटिकीची अक्षरे करणारा कॉम्प्युटर गारद जाहला, त्याचा बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन दडला, आणि मग वरच्या मजल्यावर काकूंच्या दाराची बेल वाजू लागली.

काकू एकट्या राहणाऱ्या. त्या खाली आल्या.

“मास्तर, दारात कुणी नाही आणि बेल वाजतेय. तीही थांबत थांबत, कुणी बोलत असल्यासारखी.”

बेल ‘आहे, आहे’ ऐसे स्वच्छ मोर्स बोलत होती, हे मास्तरांनी बसल्या जागी ओळखले होते, परंतु मुत्सद्देगिरीने म्हणाले, “हवेत ओल आहे, काकू.”

पुढील रविवारीही हेच घडले, आणि त्याच्याही पुढील. मग घरच्या बाईसाहेबांचे फर्मान सुटले, ते येणेप्रमाणे: येत्या रविवारी एक वेळ अभय. बेल वाजल्यास हत्ती भंगारात रवाना व्हावा आणि खोली शिवणयंत्राच्या ताब्यात जावी. अर्ज चालणार नाहीत.

मास्तरांनी मोर्चेबंदी आरंभिली. कॉम्प्युटरच्या प्रत्येक वायरीस, भटक्या लहरी अडाव्या म्हणोन, काळ्या फेराइटच्या कड्या चढवल्या, ऐशा की तो लग्नघरची करवली दिसो लागला. मग अर्थिंग. या पंथाचे लोक अर्थिंगच्या कामी मोठे दानशूर, एक पुरेसे असता तीन देतात. रेडिओस खिडकीच्या गजाचे दिधले, हत्तीस भिंतीतील प्लगाचे, आणि कॉम्प्युटरची लांबलचक तार मागल्या बोळातून, वर जाणाऱ्या बेलच्या वायरीला खेटून, हिरव्या पाइपास नेऊन बांधली. काकू बाजारात गेल्या ऐसे पाहोन चाचणी घेतली. बाईसाहेब जिन्यात पहाऱ्यावर. बेल पहिल्याहून खणखणीत वाजली.

बाईसाहेब बोळात आल्या.

“अहो, ही तार कशाला बांधलीय?”

“पाइपाला. लोखंडी आहे, थेट जमिनीत जातो.”

“लोखंडी? गळत होता म्हणून तुम्हीच तर प्लास्टिकचा बसवलात. आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून वर हिरवा रंग फासलात.”

मास्तर पाइपापाशी वाकले. नखाने थोडे खरवडोन पाहिले.

“रंग छान बसलाय,” ते म्हणाले.

“इतका, की तुम्हीच फसलात.”

ऐशी शिकस्त. जी तार अर्थिंग म्हणोन बांधली ती जमिनीस पोहोचतच नव्हती. ती स्वतःच अँटेना होऊन हत्तीचा चित्कार शेजारच्या वायरीत भरीत होती आणि काकूंच्या दारी घरपोच करीत होती. मग मास्तरांनी तिन्ही अर्थिंगे बरखास्त केली, आणि टेबलामागे तांब्याची एकच रुंद पट्टी बसवोन तिन्ही यंत्रे तीस जोडली, आणि पट्टीपासून जाड, आखूड तार खिडकीबाहेर काढोन फुलांच्या वाफ्यात तांब्याचा दांडा ठोकला. वाफा बाईसाहेबांचा मुलूख होता. तहात एक गुलाब गेला.

रविवार उजाडला. टिकटिक आली: आहेस का. मास्तरांनी कळ दाबली. दिवे झुकले. कॉम्प्युटरचा बाण जागचा हलला नाही. जिन्यातून बाईसाहेबांनी हात केला की, वर शांत आहे. मग बराच वेळ नुसता गोंगाट, आणि मग गुरुजी: ‘आहेस तर. हात अजून घाईचा.’

मास्तरांनी चष्मा काढोन पुसला. काचेवर वाफ धरली होती ऐसे ते म्हणाले. खोलीत वाफ कोठून आली, याची चौकशी जाहली नाही.

इतक्यात बेल वाजली. मास्तरांनी कळीवरचा हात झटकन उचलला, परंतु ती वरची नव्हे, घरची होती. दारात काकू.

“आज रविवार ना? माझी बेल वाजली नाही. म्हटलं मास्तरांची तब्येत बरी आहे ना, बघून यावं.”

“बरी आहे,” बाईसाहेब म्हणाल्या. “बोलतायत. या ना आत.”

काकूंस शिवणयंत्राची खुर्ची दिधली. मास्तरांनी गुरुजींस पुनः जबाब पाठविला, या खेपेस सावकाश. काकूंनी कान दिला.

“हेच. माझ्या दारात हेच वाजायचं. म्हणजे काय हो ते?”

“‘आहे’,” मास्तर म्हणाले. “‘मी आहे’, एवढंच.”

“मग आधी सांगायचं नाही का,” काकू म्हणाल्या, “मी दार उघडायचं थांबले असते.” आणि खुर्ची पुढे ओढोन, “किंवा नसतेही.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हत्ती फौजेत कायम. खोली मास्तरांकडे, पैकी खिडकीकडील निम्मी शिवणयंत्रास तोडून दिधली. हिरवा पाइप आहे तैसा ठेविला, रंग छान बसला आहे. रविवार सकाळची एक खुर्ची काकूंस वंशपरंपरा बहाल. कलम पुरे जाहले.