राजीनाम्याला मंजुरी हवी

"आजपासून मी मेंटेनर नाही!" असं त्याने रविवारी सकाळी जाहीर केलं, तेव्हा ऐकायला घरात बायको होती आणि लेक होती. लेकीच्या कानात हेडफोन होते. बायको कॉलेजात गणित शिकवायची आणि या घडीला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बुडालेली होती. त्यामुळे घोषणा झाली ती चहाच्या कपापुढेच.

प्रकरण रांगोबाचं होतं. दवाखान्यात, वाचनालयात, परवान्याच्या ऑफिसात पडद्यावर पुढचा नंबर झळकतो ना, तो झळकवणारा हा छोटासा प्रोग्राम. फुकट वापरा, आत डोकवा, हवा तसा बदला, असा सगळा खुला कारभार. कोणीही बदल सुचवायचा आणि मेंटेनरने तो तपासून मंजूर करायचा. मेंटेनर म्हणजे हा. पगार शून्य, शिव्या मात्र वेळच्या वेळी. परवा एका दंतवैद्याने लिहिलं, "तुमचा नंबर अडकला आणि माझा पेशंट ठणकती दाढ घेऊन निघून गेला. लाज वाटायला हवी." तिथे याचं डोकं फिरलं.

"मग नुसतं बघायचं बंद कर ना," बायको मान न उचलता म्हणाली.

"गुपचूप पळायला मी काय चोरी केलीय? आणि यादीत पहिलं नाव माझं. ते आहे तोवर प्रत्येक तक्रार माझ्याच फोनवर येणार. उजळ माथ्याने नाव काढून घेणार मी!"

त्याने मेंटेनरांच्या यादीतून आपलं नाव खोडलं, खाली 'कुटुंबाला वेळ देण्यासाठी' असं कारण लिहिलं आणि बटण दाबलं. लगेच उत्तर आलं, "स्वतःचा बदल स्वतः मंजूर करता येत नाही. दुसऱ्या मेंटेनरची मंजुरी हवी."

हा पहारेकरी त्यानेच बसवलेला होता. मागच्या वर्षी कोणीतरी त्याच्यावर मनमानीचा आरोप केला, तेव्हा इरेला पेटून त्याने हा नियम आत कोंबला. घ्या, आता मलासुद्धा सूट नाही! त्यानंतर तो फक्त इतरांचेच बदल तपासत आला, त्यामुळे फास आपल्याच गळ्यात आहे हे कळायची वेळच आली नव्हती. नियम काढून टाकावा म्हटलं, तर तोही बदलच. त्यालाही मंजुरी हवीच.

तोवर राजीनामा सगळ्यांना दिसत होता आणि सगळ्यांनी तो तपासायला घेतला होता. एकाने लिहिलं, "तारीख नाही." दुसऱ्याने लिहिलं, "राजीनामा आणि कारण हे दोन निरनिराळे बदल आहेत. वेगवेगळे पाठवा." दंतवैद्य म्हणाला, "आधी माझा नंबर दुरुस्त करा, मग कुठं जायचं तिकडं जा." एका भल्या माणसाने तर राजीनाम्याची सुधारित आवृत्तीच पाठवली. तिच्यात त्याने याच्या वतीने माफीही मागून टाकली होती.

"माफी? मी?" तो ओरडला. "जीव गेला तरी मागणार नाही!"

"पण दुसरा मेंटेनर आहे कोण?" लेकीने एका कानावरचा हेडफोन सरकवून विचारलं.

त्याने यादी उघडली. नावं दोनच होती. एक त्याचं. दुसरं समोर बसून तांबड्या पेनाने मार्क कापत होतं.

रांगोबा दोघांनी मिळून लिहिला होता, नव्या संसारात. लेक झाल्यावर बायकोने तो सोडला. घोषणा नाही, काही नाही, एक दिवस तिने उघडलाच नाही.

"माझं नाव अजून आहे तिथे?" बायकोने आता मान वर केली. "काढलं का नाहीस?"

"नाही काढवलं," तो म्हणाला. "एकटाच उरलो असतो ना."

तिने तांबडं पेन खाली ठेवलं. मग तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, राजीनामा वाचला आणि नामंजूर केला.

"अगं!"

"कारण खोटं आहे. कुटुंबाला वेळ म्हणे. कुटुंबाला विचारलंस?"

"म्हणजे बाबा रोज जेवताना बोलणार?" लेक धास्तावली.

"खरं कारण लिही. उगाच भरताड केलेल्या उत्तराला मी मार्क देत नाही."

मग त्याने लिहिलं, "तुम्ही फुकट वापरता आणि वर माझीच लाज काढता. मला तुमचा कंटाळा आलाय. माफी मागणार नाही. चाललो." बायकोने ते दोनदा वाचलं. "आता बरोबर," म्हणाली आणि मंजुरी दिली.

तो सोफ्यावर हातपाय ताणून पडला. तेवढ्यात फोन वाजला, पण बायकोचा. दंतवैद्याची तक्रार आली होती.

"आता पहिलं नाव तुझं!" त्याला आनंद लपवता येईना. "आणि मेंटेनर तू एकटी. सुटायचं म्हटलंस तरी मंजुरी द्यायला कोणी नाही!"

"मी कुठे सुटतेय?" असं म्हणून तिने दंतवैद्याला लिहिलं, "चूक कुठे आहे ते आत बघून शोधा. दुरुस्ती पाठवा, तपासते. भाषा नीट असेल तर लवकर तपासते."

"कच्चं खातील तुला," तो म्हणाला आणि त्या समाधानात त्याला गाढ झोप लागली.

तो उठला तेव्हा दंतवैद्याने दुरुस्ती पाठवली होती, बायकोने शेरे मारून ती परत केली होती आणि पठ्ठ्याने ती सुधारून पुन्हा पाठवली होती. खाली लिहिलं होतं, "जमलं! धन्यवाद, मॅडम."

"मॅडम? धन्यवाद?" त्याचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं या लोकांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं मी!"

"तिथेच चुकलास. तू उत्तरं देत बसलास. मी गृहपाठ दिला."

संध्याकाळपर्यंत त्याची घालमेल झाली. शेवटी बाल्कनीत जाऊन त्याने गुपचूप अर्ज केला, 'माझं नाव यादीत परत घालावं.' आतून फोन वाजल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ उत्तर आलं. नामंजूर.

तो तावातावाने आत आला. "का पण?"

"आज दुपारी तू घोरत होतास. किती वर्षांनी! हा कसला आवाज म्हणून लेक खोलीतून बाहेर आली. तू शंभर अर्ज कर, मी शंभरदा नामंजूर करीन. बघू कोण थकतं!"

त्याला खरं तर राग यायला हवा होता. पण कोणीतरी आपल्याला इतक्या हट्टाने त्या यादीबाहेर अडवून धरलंय, याचं त्याला फार बरं वाटलं. तो पुन्हा बाल्कनीत गेला आणि त्याने आणखी एक अर्ज केला, केवळ तिने तो नामंजूर करावा म्हणून.