बबनभाऊंचा सैतान

आमच्या वाडीत एखादी बाई पोरावर खेकसली, "सैतान कुठला! थांब, तंगडीच मोडते तुझी!" की शेजारच्या दुकानातून बबनभाऊ हातातलं काम टाकून बाहेर यायचे. छातीवर हात ठेवून म्हणायचे, "वयनी, देवाचं नाव काढलंत, लई बरं वाटलं." बाई बिचारी पोराला सोडून घरात पळायची. वाडीतल्या कित्येक पोरांचा मार या माणसानं वाचवलाय.

बबनभाऊ मोटारींचं वायंडिंग करायचे. आळेफाट्यापासून थोडं आत आमची वाडी. त्यांचं दुकान आणि माझी पिठाची गिरणी, मध्ये एकच भिंत. ते दिवस लोडशेडिंगचे. वीज यायची ती मरतुकडी, विहिरीवरच्या मोटारी धडाधड जळायच्या, आणि सगळ्या बबनभाऊंकडे यायच्या. माणूस सडाफटिंग. लग्न केलं नाही, का ते कुणाला सांगितलं नाही.

हा सैतान आला कुठून? तर लेण्याद्रीची लेणी बघायला आलेला एक गोरा, त्याची मोटारसायकल फाट्यावर बंद पडली. पुण्याहून सुटा भाग येईपर्यंत तो बबनभाऊंकडं राहिला. दोघं अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत बोलत बसायचे. गोरा म्हणाला, आपण सैतानाचे भक्त. तो फार जुना देव, ज्ञान देणारा. मागाहून आलेल्यांनी त्याला बदनाम केला. मोटारसायकल सुरू झाली, गोरा गेला. देव आमच्या वाडीत राहिला.

बबनभाऊंनी ती सगळी कथा आपल्या पद्धतीनं समजून घेतली. "भावकीचा मॅटर हाय ह्यो," ते मला म्हणाले. "थोरल्यानं धाकल्याला घरातनं काढला, इस्टेटीत वाटा दिला न्हाई, आन वर गावभर बोंब मारली का ह्योच वाईट. पण धाकल्याची बाजू कुणी ऐकली का?"

दुकानाच्या कोनाड्यात त्यांनी काळा धोंडा बसवला. वर वायंडिंगच्या तांब्याच्या तारेची पाच टोकांची चांदणी टांगली. मी म्हटलं, "भाऊ, उलटी टांगली राव."

"सुलटीच हाय. जग उलटं हाय."

धोंड्यापुढं ते कधी वाकायचे नाहीत. ताठ उभं राहून बोलायचे. "आमचा देव म्हनतो, पाया पडनाऱ्याची नुसती मान दिसती. तोंड दाखव, मग बोल." चतुर्थीला मात्र न चुकता ओझरला जायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "गणपती इघ्न हरतो, ह्यो इचार करायला लावतो. दोघांची खाती येगळी हायेत."

वाडीनं फारशी खळखळ केली नाही. आपल्याकडं वेताळ भुतांचा राजा असून गावचा राखणदार असतो, मग हा आणखी एक. जाता-येता लोक त्यालाही शेंदूर फासून जायचे, आणि बबनभाऊ रॉकेलच्या चिंधीनं पुसत बसायचे.

आणि मग वाडीतल्या रामभाऊंची म्हैस अचानक दुधाला आटली. वाडीच्या टोकाला सोनाबाई नावाची म्हातारी विधवा एकटी राहायची. ती करणी करते, असं लोक बोलायचे. तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नसे. रामभाऊ चार माणसं घेऊन दुकानात आले. "बबन, तुझा देव करणीवाल्यांचा मालक. इचार त्याला, सोनीचंच काम हाय ना? हो म्हनला का आजच तिचं बोचकं रस्त्यावर टाकतो."

मला वाटलं, बबनभाऊ एक शब्द काढतील आणि म्हातारी बेघर होईल.

ते कोनाड्यापुढं उभे राहिले. वळले. "देव इचारतोय, तिची बाजू ऐकली का?"

"न्हाई."

"म्हशीला डाक्टर दाखवला का?"

"न्हाई."

"मंग ऐका. देवाला आवसेला निवद पायजे, पुरनपोळीचा, आन सोनाबाईच्याच हातचा. पयला घास मी खानार. करनी असंल तर मी मरंल."

सोनाबाई आधी तयारच होईना. "माझ्या हातचं कोन खानार, बाबा?" म्हणून रडायला लागली. शेवटी तिनं केल्या पोळ्या. अमावास्येला भर दुपारी अर्धी वाडी दुकानापुढं जमली, बबनभाऊ मरतात का ते बघायला. माणसाचा स्वभाव, दुसरं काय!

बबनभाऊंनी निवद दाखवला, उभ्या-उभ्या घास खाल्ला, बोटं चाटली. मग ताट घेऊन बाहेर आले, ते थेट रामभाऊंपुढं.

"परसाद."

आता आपल्याकडं माणूस देवाशी भांडेल, देवाला शिव्या देईल, पण पुढं आलेल्या प्रसादाला नाही म्हणणार नाही. रामभाऊंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, तरी उजव्या हाताखाली डावा हात आपोआप पुढं आला. तुकडा कपाळाला लावला आणि खाल्ला. मग मी. मग सगळेच. काय पोळी होती म्हणून सांगू! एक म्हातारा निर्लज्जपणे दुसऱ्यांदा आला. पोळ्या कमी पडल्या, कारण कुणी खाणार नाही या हिशेबानं सोनाबाईनं केल्याच थोड्या होत्या. ती दुकानाच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. तिच्या बोचक्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. म्हैसही डॉक्टरच्या इंजेक्शनवर ताळ्यावर आली.

लोक पांगल्यावर मी विचारलं, "भाऊ, खरं सांगा, देव बोलला का हो तुमचा?"

ते रिकामं ताट पुसत होते.

"माझ्या आयला बी करनीवालीच म्हनायचे राव, आमच्या जुन्या गावात," ते म्हणाले. "तिच्या हातचं मी सोडून कुनी खाल्लं न्हाई. लई सुगरन व्हती. कुनाला कळलंच न्हाई."