तिसऱ्या मजल्यावरचा हिमालय

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, हिमालयातल्या गुहेत चाळीस दिवसांपासून समाधी लावून बसलेल्या निर्मोहनाथ महाराजांनी हुबळीत, उणकल भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचे दार उघडले. अंगात बनियन होता.

दारात त्यांचे जुने भक्त, दुर्गदबैल बाजारातले कापडव्यापारी बाळकृष्ण उभे होते. ते पडद्यांचे माप घ्यायला आले होते. (फोनवर गिऱ्हाइकाने नाव वेगळे सांगितले होते.)

"बाळकृष्णा, तू हिमालयात कसा?" महाराजांनी शांतपणे विचारले.

"स्कूटरवरनं, महाराज."

साधूचा मुक्काम पत्त्यावरून ठरत नाही, हे सर्वमान्य आहे. हॉलच्या भिंतीवर हिमशिखरांचा कागद चिकटवला होता (नऊ बाय बारा, बाळकृष्णांनी सवयीने मोजला) आणि समोर मोबाइलचा स्टँड. भक्तांच्या ग्रुपवर रोज पहाटे येणारा गुहेचा फोटो इथलाच.

बाळकृष्णांना दुःख झाले, पण त्याआधी आशा वाटली. महाराज परतेपर्यंत चहा सोडण्याचा नेम त्यांनी चारचौघांत केला होता. चाळीस दिवस डोके ठणकत होते. महाराज परतले असतील तर नेम पुरा झाला. गेलेच नसतील तर तो सुरूच झाला नाही. दोन्हीकडून चहाच.

घरी येताच त्यांनी बायकोला आधण ठेवायला सांगितले.

"चहापायी माणसाला काय काय दिसतं!" कौसल्याबाई म्हणाल्या. "सकाळीच फोटो आलाय. मागं बर्फ आहे."

"भिंतीचा कागद आहे गं तो! मी मोजलाय."

"हिमालय मोजून आलात? पडा जरा. ऊन लागलंय तुम्हाला."

बाळकृष्णांच्या हट्टामुळे संध्याकाळी भक्तमंडळाने जागेची पाहणी केली. (हजर सात, पैकी कानटोपी घातलेले पाच.) महाराज शिखरांसमोर डोळे मिटून बसले होते. एसी सोळावर होता. सचिव राघवेंद्र यांना शिंक आली. ती पुरावा म्हणून इतिवृत्तात घेण्यात आली. आतून आल्याच्या चहाचा वास येत होता. तो घेण्यात आला नाही. ठराव झाला: महाराज जेथे, हिमालय तेथे. ते अद्याप तेथेच असल्याने सर्वांचे नेम चालू राहतील. सहा विरुद्ध एक मताने संमत.

"मग माझा चहा?" बाळकृष्णांनी विचारले.

"अण्णा, एवढ्या उंचीवर आलाय," राघवेंद्र म्हणाले, "आता तरी मन खाली ठेवू नका."

रविवारी सहकुटुंब हिमालययात्रा आहे. शुक्रवारी सायंकाळपर्यंत दोनशे बारा नावे आली. बाळकृष्णांचे पेन्सिलने लिहिलेले आहे. हे वाचून ज्यांना हसू आले, त्यांनी आपल्या घरातले स्वेटर कपाटात आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.