घडीमहालाच्या वैशाखी मुक्कामाची हकीकत

श्री.

वाऱ्यास पहिले नमन, पाण्यास दुसरे, आणि ज्या करंजाचे सावलीत बसोन हे लिहिले त्या करंजास तिसरे. शके सोळाशें एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पंचमी, ते दिवसापासोन जे घडले ते येणेप्रमाणे. लिहिणाराने पदरचे काही घातले नाही. मीठ घातले असेल ते चवीपुरते.

एक मुलूख होता, काळ्या कातळाचा. तेथे वैशाखात अंगणी पापड टाकावा तो वाळण्याआधी भाजावा ऐसे ऊन. त्याचे धनी निंबाजीराजे. शूर खरे, उदार खरे, परंतु हट्टास पेटले म्हणजे ब्रह्मदेवाचे बापाचे ऐकणार नाहीत. त्यांच्या राणी चंद्राबाईसाहेब, त्याही हट्टास राजांहून तसूभर कमी नव्हत्या. उभयतांचे बनेना म्हणोन बाईसाहेब चार वर्षांमागे माहेरच्या गडावर जाऊन राहिल्या, आणि मुले दोन, थोरले रंभाजीबाबा वय वर्षे नऊ, धाकट्या गोजराबाई, लाडाने गोजी, वय वर्षे पाच, तीही बरोबर गेली. गड उंच, हवा ऐसी की वैशाखातही पांघरूण लागावे. मग दोहों दरबारींचे वकील बसले आणि तह जाहला. कलम पहिले, पंतोजी वैशाखात गावी जातात सबब त्या महिन्यात मुले आठ दिवस बापाकडे राहावी. कलम दुसरे, मुलांची खुशाली जासुदाहाती गडावर लिहून पाठवीत जावी. कलम तिसरे बाईसाहेबांनी स्वये सांगितले ते ऐसे की मुलांस ऊन बाधल्यास तत्काळ परत आणावी आणि पुढील साली धाडू नये. राजांनी मुद्रा केली. गेले साली मुले आली, तो आठांतील सात दिवस नजराणे, मुजरे आणि पंक्तींत गेले. निघतेवेळी गोजीने मेण्यात बसता बसता दाईस पुसिले, "ते मंदिलवाले काका कोण गं?" राजे चार हातांवर उभे होते. त्यांनी ऐकिले, आणि ते दिवसापासोन तीन दिवस जेवले नाहीत.

मग राजांनी मनसुबा केला की यंदा दरबार नको, मुजरा नको, आपण आणि मुले, बस्स. सुतार आणि शिंपी बोलावून चाकांवरचा डेरा करविला. वाटेने नेता नुसती पेटी दिसावी, मुक्कामी जाऊन लोखंडी दांडा फिरविला की छत वर चढावे, दोहों अंगांनी फळ्या बाहेर याव्या, त्यांवर बिछाने, आणि भोवती जाड कापडाच्या भिंती, खिडक्यांस गुंडाळायचे पडदे. त्यास घडीमहाल ऐसे नाव ठेविले. लोक मागे 'राजांची छत्री' म्हणत, तो भाग निराळा. पंचमीस मुले आली, आणि राजे त्यांस घेऊन शहरापासोन दोन कोस नदीचे काठी डोह आहे तेथे गेले. बरोबर विसोपंत कारभारी, एक आचारी आणि गाडीवान, याउपर माणूस नाही. संध्याकाळी राजांनी आपले हाते दांडा फिरविला, छत चढले, आणि गोजी बिछान्यावर उड्या मारीत म्हणाली, "परत मिटा! परत उघडा!" राजांनी सात वेळा मिटले, सात वेळा उघडले. आठव्या वेळी हाताला फोड आला, तो कोणास दाखविला नाही.

दुसरे दिवशी षष्ठी. सूर्य कासराभर वर आला नाही तो जमीन तापू लागली. राजांचे घराण्यात रीत की दुपारी दारेखिडक्या लावून घ्याव्या, ऊन बाहेर राहते, घर गार राहते. वाड्यात तीन हात रुंद दगडी भिंती, तेथे ही रीत खरीच. राजांनी कापडाचे घरासही तीच लाविली. सगळे पडदे खाली सोडून बंद बांधविले. त्यावर विसोपंतांनी अक्कल लढविली की छतावर गालिचे टाकावे म्हणजे ऊन आणखी अडेल. टाकले. सकाळी महालावर झाडाची सावली होती, ती चार घटकांत सरकोन पलीकडे गेली, त्याकडे कोणी पाहिले नाही. आत राजे डोकीस मंदिल, अंगी अंगरखा लेवून बसले आणि मुलांस आपल्या पहिल्या स्वारीची गोष्ट सांगू लागले. रंभाजीबाबा म्हणाले, "आबासाहेब, जरासं उघडू का? फार उकडतंय." राजे म्हणाले, "छे, छे! ऊन आत येईल." आणि पुढे सांगो लागले. गोजी सकाळपासोन पोपटाप्रमाणे बोलत होती, ती आता गप्प बसोन राजांचे तोंडाकडे पाहत होती. राजांस वाटले, पोर रंगली. चार वर्षांत आपले लेकीने आपले बोलणे इतके लक्ष देऊन ऐकिले नव्हते. त्यांस भरून आले आणि एका लढाईच्या त्यांनी तीन केल्या, त्यांत एक पिसाळलेला हत्तीही आणिला. इतक्यात रंभाजीबाबा म्हणाले, "ती ऐकत नाहीये आबासाहेब. तिचं डोकं दुखतंय, मघाशी मला म्हणाली." राजांनी कपाळास हात लाविला तो चटका बसला, आणि गोजी ओकली.

राजांचे तोंडचे पाणी पळाले. रणात भाल्यासमोर उभे राहिलेले माणूस, त्यांस पडद्याचा एक बंद सुटेना. विसोपंत "वैद्य! वैद्य!" म्हणोन ओरडू लागले, वैद्य दोन कोसांवर. डोहापलीकडे जांभळीखाली ठकूबाई नावाची धनगरीण मेंढरे बसवून होती. तिने आरडा ऐकिला, पाण्यातूनच आली, आणि काठीने सगळे पडदे वर फेकिले. म्हणाली, "आरं देवा! लेकरं शिजाया घातलीसा व्हय?" विसोपंत म्हणाले, "बाई, हे राजे आहेत." ती म्हणाली, "असूं द्या की. पोरीला सावलीत आना आदी." मग गोजीस जांभळीखाली ओल्या वाळूवर निजविले, अंगावरचे जरीचे काढिले, नदीचे पाण्यात धोतर भिजवून अंगभर पसरिले, आणि राजांकडे सूप देऊन वारा घालावयास बसविले. कैरीचे पन्हे, गूळ आणि मिठाची चिमूट घातलेले, चमच्याचमच्याने पाजिले. राजे वारा घालीत होते आणि रडत होते. घाम म्हणोन पुशीत होते, परंतु घाम डोळ्यांतून येत नाही. दीड प्रहराने गोजीने डोळे उघडोन पुसिले, "मग त्या हत्तीचं काय झालं?" तेव्हा राजांचे जिवात जीव आला.

संध्याकाळी जासूद खुशालीचे पत्रासाठी उभा राहिला. विसोपंत म्हणाले, "लिहावे, मुले खुशाल. यात खोटे काय? आता खुशालच आहेत." राजांनी बोरू हाती घेतला. कलम तिसरे त्यांस पाठ होते. लिहिले तर मुले गेली, पुढील सालही गेले, त्यापुढचे कोणी पाहिले. आणि लेक पुन्हा काका म्हणो लागेल. मग म्हणाले, "पंत, उद्या गडावर जाऊन पोरीस पुन्हा ताप भरला तर आईस ठाऊक नको का, की हिला एकदा ऊन लागलेले आहे? ती भलतेच औषध देईल." आणि आपले हाते लिहिले, पडदे कोणी लाविले, गालिचे कोणी टाकिले, पोर किती घटका बेशुद्धागत होती, सगळे लिहिले. विसोपंतांनी कपाळावर हात मारिला आणि गालिच्यांत आपले नाव आले म्हणोन दुसऱ्यांदा मारिला. जासूद रवाना जाहला.

गड दोन मजलांवर, म्हणजे दोन दिवसांचे वाटेवर. जाब येईतो तीनचार दिवस हाती होते, आणि ते चार दिवस राजे ठकूबाईचे शागीर्द झाले. ती सांगे, राजे करीत. घडीमहाल ओढून तिसरे प्रहरी जेथे सावली येते तेथे नेला. गालिचे उतरविले, छतावर हातभर अंतर राखोन पांढरे कापड ताणिले, मधून वारा वाहू लागला. पडदे सगळे वर, आणि वाऱ्याचे अंगास तेवढे एक ओले लुगडे टांगिले. मुलांस पातळ मलमल, डोकीस ओले फडके, घटकेघटकेस पाणी, तहान असो वा नसो. पहाटे हुंदडावे, दोन प्रहरी महालात कोणी थांबू नये. "कापडाचं घर दुपारी कुनाचं नसतंय," ठकूबाई म्हणे. मग सगळे जांभळीखाली गुडघाभर पाण्यात. आचाऱ्याने पुऱ्या तळणे सोडिले. दहीभात, काकडी, कांदा, आणि ओल्या वाळूत पुरून ठेविलेले कलिंगड. राजांनी पहिले दिवशी मंदिल काढिला, दुसरे दिवशी अंगरखा, आणि तिसरे दिवशी खासा धनी लंगोटीवर डोहात बसोन कलिंगडाच्या बिया कोण लांब थुंकतो या पैजेत रंभाजीबाबांकडून हरला. विसोपंतही पाण्यात बसले, पगडी मात्र सोडिली नाही. गोजी अष्टौप्रहर बोलत असे आणि राजांनी एकदाही तीस गप्प केले नाही. दोन घटका बोलली नाही तर उठोन कपाळ पाहत. "आबा" म्हणो लागली, साहेब गळाले. इतके सुख असता राजे रोज गडाचे वाटेकडे पाहत, की धूळ उठली काय.

दशमीस, ऐन दोन प्रहरी, धूळ उठली. चंद्राबाईसाहेब स्वये आल्या. मेण्यास चोहोंकडोन जाड पडदे सोडलेले, आत बाई गडाचे हवेची शाल पांघरोन. उतरल्या त्या कडाडल्या, "कुठे आहे माझी पोर? आपणांस आठ दिवस मुलं सांभाळता येत नाहीत? आपण..." इतके म्हणोन त्यांनी मेण्याचा दांडा धरिला आणि तोंड लालबुंद. रंभाजीबाबांनी पाहिले मात्र, म्हणाले, "आईसाहेब, शाल काढा. गोजी, पन्हं आण. आबा, फडकं भिजवा." राणीसाहेब म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही." राजे म्हणाले, "मलाही त्या दिवशी असंच वाटत होतं." हसू आले तरी हसण्याची कोणाची छाती नव्हती. मुलांनी आईस हातास धरोन पाण्यात नेऊन बसविले आणि डोकीवर ओले फडके टाकिले. येणेप्रमाणे चार वर्षे ज्यांनी एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते ते दोन धनी एका डोहात पाय सोडून बसले, मध्ये गोजी, आणि ती बोलतच होती.

दोन भांडी पन्हे पोटात गेल्यावर बाईसाहेबांनी हळू पुसिले, "लिहिलंत कशाला? न लिहितात तर मला कळलं नसतं." राजे म्हणाले, "तुम्हांला कळायला हवं होतं." बाईसाहेब पाण्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "खरं लिहिलेलं आपलं पहिलंच पत्र हे."  मग बाईसाहेब उठल्या आणि पदर खोचोन म्हणाल्या, "तह तो तह. मुलं आज निघतील." गोजीने भोकाड पसरिले. रंभाजीबाबा डोहात पाठ करोन उभे राहिले. राजांनी मान डोलविली, घडीमहालापाशी जाऊन दांडा हाती घेतला आणि मिटावयास लागले. एक फेरा फिरवीत आणि थांबत. तो बाईसाहेब म्हणाल्या, "बैल जोडा त्याला. मुलं त्यातूनच जातील. आणि दांडा फिरवायला दुसऱ्या कोणाला येतो का?" राजे म्हणाले, "नाही." "मग चला. मुलांनी परत यावं एवढं कलम आहे. बापानं बरोबर येऊ नये असं मी लिहिलेलं नाही."

निघाले. वाट दोन मजलांची. परंतु बाईसाहेबांनी हुकूम केला की उन्हात मुलांस चालवू नये. पहाटे दोन घटका चालावे, सायंकाळी दोन घटका, मध्ये झाड आणि पाणी पाहोन मुक्काम. झाड पसंत करावयास बाईसाहेब बसल्या म्हणजे घटकाभर लागे. हे नको, विरळ आहे, ते नको, मुंग्या आहेत. रोज घडीमहाल उघडे, रोज मिटे. द्वादशी गेली, त्रयोदशी गेली, पौर्णिमाही गेली, गड अद्याप लांब दिसे. विसोपंत हिशेबी माणूस, त्यांचे पोटात राहीना. तहाचा कागद हाती घेऊन ते बाईसाहेबांसमोर गेले आणि म्हणाले, "बाईसाहेब, आठ दिवस केव्हाच भरले. आजचा दिवस बारावा..." बाईसाहेब गोजीचे केस विंचरीत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "पंत, ऊन फार आहे. बोलू नका."

सारांश. पुढील साली कलमाप्रमाणे मुलांस धाडिले नाही. राजांसच घडीमहालासुद्धा गडावर बोलाविले. उभयतांचे बनले ऐसे कोणी समजू नये, बनले नाही. गडावर राजांस थंडीने सडकून पडसे जाहले. बापास थंडी बाधल्यास परत धाडावे ऐसे कलम तहात नव्हते, सबब ते दीड महिना राहिले. लेखनसीमा.