डोळे न रंगवलेला सिंह

एका जंगलात सिंहच नव्हता. हसू नका रे, पुढे ऐका. दूर चीन देशातलं जंगल ते. सिंह नव्हता, पण सिंहाचा नाच मात्र दर नववर्षाला दणक्यात व्हायचा. बांबूचं डोकं, कापडाचं अंग, कापडाचीच शेपटी. डोक्यात शिरायची लिनमावशी शेळी, मागच्या पायांत तिचा नवरा. ढोल वाजला की हा सिंह पापण्या फडफडवायचा, दारात टांगलेला कोबी तोंडात घेऊन पानं उधळायचा. ज्याच्या अंगावर पान पडेल त्याचं वर्ष सुखाचं, अशी समजूत.

तर एका हिवाळ्यात डोंगर ओलांडून खराखुरा सिंह आला. नाव आयाळराव. म्हातारा, दात हलणारे, पोट पाठीला लागलेलं. त्याला फक्त थंडीपुरता आसरा हवा होता. वाटलं, इथे आपला सण करतात, आपल्याला डोक्यावर घेतील.

नाचाचे मुखिया वूआजोबा, म्हणजे थोरलं माकड. त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"डोळे कुणी रंगवले तुमचे?"

"रंगवले? जन्मापासून असेच आहेत."

"म्हणजे रीतीप्रमाणे तुम्ही अजून झोपलेले आहात."

कारण तिथे थोरांनी डोळ्यांवर लाल ठिपका दिल्याशिवाय सिंह जागाच होत नसे!

बिचाऱ्याने डरकाळी फोडून दाखवली. ठेक्यात बसत नाही, म्हणाले. कोबी दिला, तर हा भुकेला जीव अख्खा गिळून बसला. एक पान उधळलं नाही. सगळे हळहळले. आयाळसुद्धा खोटी वाटते, असं लिनमावशीने हळूच सांगितलं. कापडाची कशी चमकते!

बाहेर बर्फ पडत होतं. आयाळराव रडकुंडीला आला. तेव्हा वूआजोबांना आठवलं, मावशीच्या नवऱ्याचा पाय मुरगळलाय. त्यांनी विचारलं, सिंहाचे मागचे पाय व्हाल का?

झाला बापडा. शेळीच्या मागे वाकून नाचला, तिच्या लाथा खाल्ल्या, पण कोबी मिळाला आणि ऊबदार गुहा मिळाली. हळूहळू ठेकाही जमला. वूआजोबांनी त्याच्या पापण्यांवर लाल ठिपके दिले, तेव्हा तर त्याला भरूनच आलं.

पुढच्या हिवाळ्यात डोंगरापलीकडून आणखी एक सिंह आला. हाडं वर आलेला, कुडकुडणारा. आयाळरावाने बघताक्षणी ओळखलं. त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता तो. "दादा!" म्हणून धावत आला.

आयाळरावाने आपली कापडी शेपटी सावरली आणि विचारलं, "डोळे कुणी रंगवले तुमचे?"

तात्पर्य : बाळांनो, नुसतं सिंह असून भागत नाही, कोबी उधळता आला पाहिजे. आणि एवढ्या कष्टाने शेपटी मिळाली की ती जपावी. भाऊ काय, दर थंडीत येतात.