उभा माणूस फसतो

देवरेकाका रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरले की आधी चपला काढतात, मग पिशवीतली सतरंजी बेडरूमच्या फरशीवर अंथरतात, स्कूटरचं हेल्मेट उशाला घेतात आणि सरळ आडवे होतात. हात पोटावर, डोळे उघडे. फ्लॅट दाखवायला आलेल्या एका एजंटाने तर घाबरून पाणी आणायला धाव घेतली होती.

"मला काही झालेलं नाही," काका पडल्यापडल्या म्हणाले. "तुमचं चालू द्या. उभा माणूस फसतो, म्हणून झोपलोय."

इंदिरानगरच्या ज्या बिल्डिंगमध्ये आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो, तिथे बरोबर आमच्या डोक्यावर काकांचा स्वतःचा फ्लॅट आहे. ओझरच्या विमान कारखान्यातून ते रिटायर झाले. ओळखीत कोणीही घर घ्यायला निघालं की काकांना बोलावणं जातं, नाही गेलं तरी काका जातात. फी म्हणजे एक चहा. वकील, इंजिनिअर यांच्याशी त्यांचं वैर नाही. उलट तेच लोकांच्या मागे लागतात. "कागद वकिलाला दाखवा, पिलर इंजिनिअरला दाखवा. त्यात मला काही कळत नाही. मी फक्त झोपतो."

का झोपता, असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असतं. "घर बघायचं उभ्याने आणि राहायचं आडवं, असं कसं चालेल? विमानसुद्धा खाली सरकून तपासतात."

आणि झोपल्यावर त्यांना कळतं हे खरं. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला त्यांनी सांगितलं होतं, "हेल्मेट गुणगुणतंय. भिंतीमागे लिफ्टची मोटर आहे." जोडपं हसलं आणि फ्लॅट घेतला. आता दोघं हॉलमध्ये झोपतात.

काका मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं शहरी, पण एखादी खोली मनापासून आवडली तर तोंडून अहिराणीतलं "बेस शे" निघतं. हे दोन शब्द ऐकलेली माणसं फार नाहीत.

त्यांची दुसरी सवय मला तेवढी आवडत नसे. रोज संध्याकाळी खिडकीत उभं राहून मोठ्याने फोन. "भाजीवाला आलाय. मेथी बरी दिसते आज." मुलगा पुण्याला असतो. त्याला आमच्या गल्लीतल्या मेथीचं काय करायचंय, हे मला कधी समजलं नाही. काकू आम्ही राहायला येण्याआधीच गेल्या, तेव्हा माणूस एकटा, बोलत असेल, म्हणून मी सोडून देत असे.

यंदा आमचीच पाळी आली. नवरा नोकरीमुळे नागपूरला, म्हणून घर शोधायचं काम माझ्याकडे. मी सिन्नरला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. माल तपासून घेणं हा माझा धंदाच आहे. सासूबाई मांडीचं हाड मोडल्यापासून बिछान्यावर होत्या, आणि आता फारसं चालणं व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे नव्या घरातली एक खोली हेच त्यांचं उरलेलं जग. ती खोली निवडायची होती.

पाथर्डी फाट्याजवळ तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मला पटला. वकीलबाईंनी कागद पास केले, इंजिनिअरने बांधकाम पास केलं, बँकेनेही मान हलवली. टोकन द्यायचं तेवढं बाकी होतं. काकांना नेलं ते रीत म्हणून.

काका छोट्या बेडरूममध्ये आडवे झाले. खिडकीकडे मान वळवली.

"ताई, ही खोली कोणाची?"

"आईंची. स्वयंपाकघराला लागून आहे, हाक ऐकू येते. बाथरूम समोरच, दार रुंद. व्हीलचेअर सहज जाते."

"मग नको."

एजंट जगताप पांढऱ्या पॅंटमध्ये आले होते. "काका, खिडकीतून गार्डन दिसतं. बघा ना इकडे येऊन."

"तिथून नाही, साहेब. इथून दाखवा."

जगतापांनी पॅंटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाईक जाईल या भीतीने सतरंजीच्या कडेला आडवे झाले.

"काय दिसतं?"

"समोरच्या विंगचा पाइप."

"आणखी?"

जगतापांनी मान तिरकी करून पाहिली. "पाइपच."

माझा तोल सुटला. "काका, आईंना आता बाहेर बघून काय करायचंय? औषध वेळेवर, बाथरूम जवळ, हाक मारली की कोणी यावं. आणखी काय लागतं?"

काका उठून बसले. हेल्मेट मांडीवर घेतलं.

"मीही हेच म्हणालो होतो. हिची खोली मीच निवडली, अशीच, सोयीची. उभ्याने. मग ती जी पडली ती उठलीच नाही. तिला दिवसभर पाइप दिसायचा. विचारायची, बाहेर काय चाललंय हो? मग मी खिडकीत उभा राहून सांगायचो."

"रोज?"

"रोज संध्याकाळी. आता रस्त्यावर रोज कुठून काय असणार? काही नसलं की मी वरात काढायचो."

"कोणाची?" जगताप अजून आडवेच होते.

"कोणाचीही. घोडा, बँड, नाचणारी पोरं. ती विचारायची, नवरदेवाला टक्कल आहे का? मी म्हणायचो, फेट्यामुळे कळत नाही."

जगताप हसले आणि मग उगाच पॅंट झटकत उठले.

मी सतरंजी उचलली आणि मोठ्या बेडरूममध्ये नेऊन अंथरली. "काका, इथे झोपा."

काका झोपले. खिडकीत पांडवलेण्यांच्या डोंगराचा माथा होता, वर एक घार फिरत होती. मी इंजिनिअरला तिथूनच फोन लावला. मोठ्या खोलीच्या बाथरूमचं दार रुंद करता येईल का? तो म्हणाला, येईल, ती भिंत फोडायला हरकत नाही. हाक मारायला मी एक बेल बसवीन. छोट्या खोलीतला पाइप आम्ही नवरा-बायको बघू. नाहीतरी आम्ही झोपतो तेव्हा अंधारच असतो.

"बेस शे," खालून आवाज आला.

"म्हणजे काय?" जगतापांनी मला हळूच विचारलं.

"म्हणजे टोकन घ्या."

घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "डोंगर हिरवा होतो का गं?" म्हटलं, पावसाळ्यात होतो.

संध्याकाळी चटणीसाठी मिक्सरला भांडं लावलं, तेवढ्यात वरच्या खिडकीतून काकांचा आवाज सुरू झाला. पुण्याचा फोन, मी सवयीने मनात म्हटलं.

"आज बँड मोठा आहे हं. घोडा पांढराशुभ्र."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या मधोमध एक कुत्रं झोपलं होतं. बाकी इकडून तिकडे कोणी नव्हतं.

"अगं, फेटा आहे ना त्याला. कसं सांगू?"

मी मिक्सरच्या बटणावरचा हात काढून घेतला. वरात चांगली लांबलचक होती. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबले, मग चटणी वाटली.