मिटलेल्या चोचीचा परिसंवाद

एका जंगलात रेवती नावाची साळुंकी राहायची आणि ती गायची. बाळांनो, गायची म्हणजे खरंच गायची. तुमच्या अंगणात भांडतात तसली कलकल नव्हे. चुळबुळ पुरे, ऐका.

रेवतीनं यंदा एक बंदिश बांधली होती. आजवर ती गुरुजींचंच गात आली. ही पहिली, स्वतःची. पळसाखाली मैफल ठरली होती आणि तिचा जीव नुसता वरखाली होत होता. ऐकायला कोणी आलंच नाही तर?

"गर्दीचं माझ्याकडे लागलं!" सरडोजीराव म्हणाले. हे 'रानसूर' मासिकाचे संपादक. मासिक संगीताचं, छापायचं सागाच्या पानावर. "तुम्हाला मुखपृष्ठावर घेतो. अख्खं जंगल लोटेल मैफलीला."

रेवती बिचारी भाबडी. लगेच हो म्हणाली.

मागच्या अंकावर बेडूकबुवा झळकले होते. गाल टम्म फुगलेले, तोंड हे एवढं उघडं, आणि खाली मथळा: 'मेघसम्राट!' आपलंही तसंच येणार, असं रेवतीला वाटलं. तिनं चोच उघडून सा लावला.

"अहो, मिटा ती!" सरडोजीराव ओरडले. "उघड्या चोचीत बाई बरी दिसते का?"

त्यांनी तिच्या गळ्याशी मोराचं पीस खोचलं. मान वळवून, जरा लाजून, मागे बघायला लावलं.

"पण मी गाणारी आहे हो."

"ते आत छापू की."

"हा अंक घेतं तरी कोण?"

"तरुण बोकड. आधी डोळे भरून बघतात, मग चावून खातात. आपल्याला काय, अंक खपतो."

अंक निघाला. मथळा होता, 'रेवती: तिची पिसं, तिचं घरटं, तिची आवडती अळी!' आतल्या पानांवर गाण्याला जागा उरली नव्हती.

आता या जंगलात वाघुळेबाई नावाच्या मोठ्या विदुषी होत्या. वडाला उलट्या लटकून त्या जगाकडे बघत. मुखपृष्ठ बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे वरून खाली आली म्हणा.

"गायिकेची चोच मिटवली! बेडकाला तोंड आणि हिला नुसती पिसं? मी गप्प बसणार नाही."

आणि बरं का, त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. उगाच हसू नका. त्यांनी वडाखाली परिसंवाद ठेवला. विषय, 'मिटलेली चोच'. दिवस आणि वेळ नेमकी मैफलीचीच. दुसरी तारीख अध्यक्षांना सोयीची नव्हती.

त्या संध्याकाळी रेवती पळसाखाली आली. तिथे एकटा रातकिडा सूर धरून बसला होता. तो तिचा साथीदार.

"बाई, सगळे वडाखाली गेलेत. तुमच्याबद्दलच बोलतायत म्हणे."

रेवती हरखली. माझ्याबद्दल? मग तिथेच जाऊन गाते की! ती उडत निघाली.

वडाखाली मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध मुखपृष्ठ टांगलं होतं, तेही उलटं, वाघुळेबाईंच्या सोयीसाठी.

"हा डोळ्याभोवतीचा पिवळा रंग बघा," वाघुळेबाई सांगत होत्या. "बोकडांना रिझवायला बाजारानं थापलेला!"

"अहो, तो माझा जन्माचाच आहे," रेवती म्हणाली.

"तुम्हाला तसं वाटतं ना? इतका खोल मुरलाय बाजार!"

कडाडून टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत सरडोजीराव बसले होते. सभेचा नूर बघून त्यांनी वाघुळेबाईंच्या पंखांचा रंग धरला होता आणि सगळ्यात जोरात टाळ्या तेच वाजवत होते.

मग रेवतीचा सत्कार झाला. शाल पांघरवली, त्यात ती चोचीसकट बुडाली. नारळ दिला, तो तिच्याहून मोठा. शालीतून कसंबसं डोकं काढून ती म्हणाली, "मी थोडं गाऊ का? नवीन आहे. माझं स्वतःचं आहे."

"प्रश्नोत्तरं शेवटी," अध्यक्ष म्हणाले.

पण रेवतीला राहवेना. तिनं डोळे मिटले, चोच उघडली आणि बंदिशीची पहिली ओळ घेतली.

"शूऽऽ!" वाघुळेबाई कडाडल्या. "शांतता पाळा! इथे तुमच्या आवाजाबद्दल बोलणं चाललंय."

सगळ्यांनी माना वळवून रेवतीकडे रागानं बघितलं. तिला फार, फार वाईट वाटलं. ती शालीखालून निघाली आणि परत पळसाकडे गेली. रातकिड्यानं सूर सोडला नव्हता. मग तिनं पूर्ण बंदिश गायली, त्या एकट्यासाठी. तो "वा!" म्हणाला. ते वडापर्यंत कसं ऐकू जाणार? तिथे आभारप्रदर्शन चाललं होतं.

पुढच्या महिन्यात 'रानसूर'चा नवा अंक आला. मुखपृष्ठावर वाघुळेबाई. तोंड मिटलेलं, गळ्याशी मोराचं पीस, मान वळवून लाजलेल्या. मथळा होता, 'वाघुळेबाई: त्यांचे पंख, त्यांची फांदी, त्यांचं आवडतं उंबर!'

त्यांनी अंक उलटा धरून बराच वेळ बघितला.

"फोटो मात्र छान आलाय हं," त्या म्हणाल्या.

तात्पर्य: बाईचं तोंड कोणी बंद केलं, यावर चांगली चर्चा रंगली असेल, तर मध्येच तोंड उघडून बाईनं विचका करू नये.